मधमाश्यांच्या पेट्या कोगनोळी नाक्यापलीकडं (कोल्हापूर-कर्नाटक सीमेवरचा नाका) न्यायच्या किंवा आणायच्या असतील तर आधी हे बघा

दिवाळी झाली, साखर कारखाने सुरू झाले की आपल्याकडं मधवाल्यांची पेट्या हलवायची गडबड सुरू होते. कोण मेलीफेरा (युरोपियन जातीच्या माश्या) घेऊन राजस्थानला मोहरीवर निघालंय, कोण विजयपूर-बागलकोटच्या सूर्यफुलावर, आणि कोण निपाणीकडनं जुन्या पेट्या स्वस्तात मिळत्यात म्हणून उचलून आणतंय. जास्त करून या शेवटच्यांसाठी लिहितोय, मी पण त्यातलाच.

तीन वर्षांमागं १० पेट्या घेतल्या, माश्या जोमात, विकणारा बोलायला गोड. सांज झालेली, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागलेला, त्यामुळं एक पण फ्रेम (पोळ्याची चौकट) उचलून बघितली नाही. पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर आंबूस वास, आणि अळ्या पांढऱ्याशुभ्र असायच्या त्या पिवळट, पोळ्याच्या घरांत वेड्यावाकड्या पडलेल्या. युरोपियन फाऊलब्रूड, म्हणजे अळ्या मारणारा जीवाणूंचा रोग. घरच्या ६ चांगल्या पेट्या पण त्यात गेल्या, कारण तोच चाकू, तेच हातमोजे मी सगळीकडं वापरत होतो.

नाक्यावर कागद बघतील, पेटी कोण उघडतंय? चावतील म्हणून लांबनंच जावा म्हणत्यात. म्हणजे तपासणी आपणच करायची, न्यायच्या आधी पण आणि आणल्यावर पण. दिवसाउजेडी मधली फ्रेम काढा. बंद घरांची टोपणं आत दबलेली, भोकं पडलेली दिसली तर आत काडीपेटीची काडी घालून हळू ओढा, चिकट तार निघाली तर अमेरिकन फाऊलब्रूड (त्याहून घातक रोग) समजा, तसली पेटी फुकट दिली तरी घेऊ नका, त्याचे बीजाणू लाकडात ३५ वर्षांच्या वर जिवंत राहत्यात. वरोआ, म्हणजे माश्यांना चिकटणारा बारीक कोळीकिडा, आहे का बघायला पिल्लांच्या फ्रेमवरच्या अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या (राणी त्यात नाही ना ते बघून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाका, मिनिटभर हलवा आणि पांढऱ्या ताटात झटका. लालसर तपकिरी ठिपके ९ च्या वर पडले तर आधी उपचार, मग गाडी. माश्या मरत नाहीत, परत पेटीत सोडा.

सामानाचं तर लोक मनावरच घेत नाहीत. जुनी मेणाची पोळी कुठल्याच भावात आणू नका. रिकाम्या पेट्या खरवडून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा आणि आतनं ब्लोलँपनं लाकूड तांबूस होईपर्यंत भाजून घ्या. मध काढायचं यंत्र शेजाऱ्याकडनं आणलं तरी धुऊनच वापरायचं, आणि कुणाचा कुठला मध माश्यांना खायला घालायचा नाही, साखरेचा पाक द्या.

पाटगाव, आजरा, चंदगड भागातल्यांनी सातेरी (आपली देशी मधमाशी) बाहेरच्या राज्यातनं अजिबात आणू नये असं माझं मत. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणू रोगानं केरळातल्या बहुतेक सातेरी वसाहती संपवल्या होत्या. आपल्याच घाटातली वसाहत घ्या. आणि परदेशी राणी पार्सलनं मागवायचा विचार असेल तर सोडून द्या, सरकारी परवाना आणि क्वारंटाईनशिवाय ते चालत नाही.

कागदात मधुक्रांती पोर्टलवरची (मधवाल्यांसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी, खरेदीचं बिल, पेट्यांची यादी आणि जिथं ठेवणार त्या शेतकऱ्याचं पत्र जवळ असू द्या, आणि त्या राज्याचा नियम काय ते तिथल्या फलोत्पादन खात्यात फोन करून आधीच विचारा, रात्री नाक्यावर वाद घालून उपयोग नसतो, आत माश्या गुदमरत असत्यात.

मध काढून हलकी केलेली पेटी रात्रीच भरा, दारं जाळीनं बंद, वरनं हवा पाहिजेच. ट्रकात फ्रेम गाडीच्या लांबीला समांतर ठेवा, ब्रेक मारला की एकमेकींवर आपटत नाहीत. जेवायला गाडी तासभर थांबवायची नाही, थांबलाच तर जाळीवर पाण्याचा फवारा मारा.

परत आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्या पेट्यांपासनं लांब ठेवा. आणि गुऱ्हाळाजवळ तर नकोच, काहिलीच्या वासानं माश्या तिकडंच पळत्यात आणि मळीत चिकटून ढिगानं मरत्यात, तिथनं दोन-तीन किलोमीटर लांबची जागा बघा, करवीर तालुक्यात ती शोधायला फिरावं लागतंय.