जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा हीटर पुन्हा चालू

ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुक्यात गाडी काढायची तर हीटर हवाच. समोरच्या काचेवरची वाफही त्यानेच जाते. आमच्या अ‍ॅम्बेसेडरचा पंखा फिरायचा, पण वारा गारढोण. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या मिस्त्रींनी अख्खा हीटर बदलायला सांगितलं. मी आधी इंजिन तापवून हीटरचे दोन्ही होस, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या रबरी नळ्या, हाताने चाचपले. एक कोमट, दुसरा गार. म्हणजे दुखणी दोन.

कोमट, कारण उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि मला मुळीच पटत नाही: इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं. 82 अंशांना उघडणारा नवा आणला, गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून झडप उघडताना पाहिली, मगच बसवला.

दुसरा गार, कारण हीटर आतून तुंबला होता. मग इंजिन पूर्ण निवल्यावर हीटरचे होस सोडून उलट्या बाजूने पाण्याची धार मारली. आधी चहासारखं तांबडं पाणी, मग गंजाचा गाळ, शेवटी नितळ. वर्षानुवर्षं बोअरिंगचं जड पाणी भरल्याचा हा परिणाम. कूलंट भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवला आणि गाडीचं नाक चढावर, म्हणजे आत हवा अडकत नाही. आता दोन्ही होस सारखे तापतात.