कोल्हापुरातून हार्वर्ड-एमआयटीचा अर्ज करताना

राजारामपुरीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात हे कागद मीच भरते, म्हणून सांगते. नुसते दहावी-बारावीचे टक्के पुरत नाहीत. तिकडे नववी ते बारावी, चारही वर्षांचे मार्क मागतात. नववीची मार्कशीट आधी शोधा, नेमकी तीच सापडत नाही. मग प्राचार्यांकडून कॉलेजचं एक-दोन पानी प्रोफाइल करून घ्या: बोर्ड कोणतं, पट किती, पहिल्या नंबराला किती टक्के, कोणते विषय शिकवतच नाहीत. यात लाजायचं काय? तुमचे ८८ टक्के आधी तुमच्याच वर्गाच्या हिशेबात वाचले जातात. “विद्यार्थी हुशार व होतकरू आहे” छापाचं शिफारसपत्र मात्र सरळ परत करा. त्या पोराने केलं काय, ते लिहून मागा. एमआयटीने २०२२ मध्ये, हार्वर्डने २०२४ मध्ये सॅट किंवा एसीटी, यांपैकी एक प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली. तिची तयारी अकरावीतच सुरू करा.