‘संत’ या शब्दाचं मूळ कसं शोधावं

संस्कृत शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका मुलीनं विचारलं, “बाई, संत आणि इंग्रजीतला सेंट (saint) एकच ना?” मी हो म्हणाले. उच्चार जुळतो, अर्थही जुळतो, मला शंकाच आली नाही. उत्तर चुकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक वर्गाला हा शोध वहीवर करायला लावते.

आधी शब्दाची भावंडं गोळा करा. एकाखाली एक लिहा: महंत, भगवंत, हनुमंत, श्रीमंत. शेजारी संस्कृत रूपं: महत्, भगवत्, हनुमत्, श्रीमत्. आता ‘संत’च्या शेजारी काय येईल? मुलं एका सुरात सांगतात, सत्!

पण ‘सत्’मध्ये न् कुठे आहे? शब्दरूपावली उघडा आणि पुल्लिंगी रूपं मोठ्यानं म्हणा: सन्, सन्तौ, सन्तः. दडलेला न् कानाला लागतो. मग धातू पाहा. अस्, म्हणजे असणे. सत् म्हणजे ‘असणारा’. त्यातूनच ‘खरा’ आणि ‘चांगला’ हे अर्थ आले. सत्य आणि सज्जन याच घरचे.

आता सेंट. तो लॅटिन ‘सांक्तुस’वरून आला, आणि त्यामागचं क्रियापद पवित्र ठरवण्याचं आहे. मूळच वेगळं, म्हणून नातं नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मदर तेरेसांना २०१६ साली चर्चनं रीतसर संत घोषित केलं. तुकोबांना कुणी घोषित केलं नाही, लोक म्हणत गेले. वर्तमानपत्रातला ‘संतपद’ हा शब्द वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

व्युत्पत्ती हाती आली की थांबू नका, शब्द वापरला कसा ते बघा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त ‘सन्तः परीक्ष्यान्यतरद् भजन्ते’ असं येतं. जुनं म्हणून चांगलं किंवा नवं म्हणून वाईट असं न मानता जे पारखून घेतात, ते इथले ‘सन्तः’. भक्तीचा इथे उल्लेखही नाही, आहे तो विवेक. कीर्तनात मात्र समोर बसलेल्या साध्या माणसांनाही ‘संतमंडळी’ म्हणतात.

शेवटी स्त्रीलिंग करून पाहा, ही पायरी गाळू नका. सत्‌चं स्त्रीलिंग सती. पुरुषाच्या बाबतीत शब्द त्याच्या स्वतःच्या खरेपणाशी राहिला, बाईच्या बाबतीत नवऱ्याशी आणि पुढे त्याच्या चितेशी बांधला गेला. हे फळ्यावर लिहिताना दरवर्षी माझा हात थांबतो. पण त्याखाली लगेच मी संत मुक्ताबाई, संत जनाबाई, संत सोयराबाई ही नावं लिहिते. मराठीनं या बायकांना ‘संत’ हाच शब्द दिला, पुरुषांना दिला तोच.

हे जमलं की याच रीतीनं ‘साधू’ घ्या. धातू साध्, इथून सुरुवात करा.