पॉप की आयमॅप? आधी विचारा, अस्सल प्रत कुठे आहे

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या हर्णैच्या घराची पडवीवरची कौलं उडाली आणि पाणी सरळ कॉम्प्युटरच्या टेबलावर. हार्ड डिस्क गेली. तिच्यासोबत आठ वर्षांच्या मेल गेल्या: आंब्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, खोल्यांची बुकिंगं, सगळंच. लाईट यायला बरेच दिवस गेले. मग भावाकडे जाऊन वेबवर लॉगिन केलं, तर इनबॉक्समध्ये जेमतेम वादळानंतरच्या मेल.

चूक माझीच. मेलचं खातं पॉपवर लावलं होतं. पॉप आणि आयमॅप या सर्व्हरवरच्या, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या, मेल आपल्याकडे बघायच्या दोन पद्धती. पॉप सर्व्हरवरून मेल उतरवून घेतं, आणि वेगळं सांगितलं नाही तर बऱ्याचदा तिथली प्रत पुसून टाकतं. म्हणजे अस्सल प्रत तुमच्या त्या एकाच डबड्यात. शिवाय पॉप फक्त इनबॉक्स बघतं. फोनवरून पाठवलेली मेल कॉम्प्युटरवर दिसत नाही. मी दोन वर्षं स्वतःलाच बीसीसी (मेलची छुपी प्रत) करत होतो, हसू नका.

आयमॅपमध्ये अस्सल प्रत सर्व्हरवर राहते. फोन, कॉम्प्युटर, सगळे तिकडेच बघतात. फोल्डर, वाचलेलं-न वाचलेलं सगळीकडे सारखं. फोनवर पुसलं की घरीही पुसलं! मे महिन्यात आलेल्या भाच्याने 'मामा, फोन भरलाय' म्हणत माझ्या तीनेकशे मेल उडवल्या. आता खातं जीमेलचं आहे. तिथे ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतात म्हणून परत मिळाल्या. तरी त्या संध्याकाळी त्याला सोलकढी मिळाली नाही.

तर, एकाहून जास्त उपकरणं असतील तर आयमॅपच घ्या. पॉप कधी? जागा तुटपुंजी असलेला मेलबॉक्स आणि बघायला एकच कॉम्प्युटर, एवढ्यापुरतं. तेव्हाही थंडरबर्डच्या (कॉम्प्युटरवर मेल बघायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ला टिक करा आणि किती दिवसांनी पुसायचं ती मुदत जरा मोठी ठेवा.

पॉपवरून आयमॅपवर जाताना एक अडचण येते: थंडरबर्डमध्ये तेच खातं बदलता येत नाही. त्याच पत्त्याचं नवीन आयमॅप खातं जोडायचं (सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडायचा क्रमांक, 993 आणि सुरक्षित जोडणीसाठी एसएसएल; पॉपचा पोर्ट 995 असतो, तिथे गोंधळ होतो). मग जुन्या खात्यातल्या मेल निवडून नव्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या. त्या सर्व्हरवर चढतात. आमच्याकडे रेंजचं ठिकाण म्हणजे विहिरीजवळचा फणस, तेव्हा शे-दीडशेच्या तुकड्यांनी चढवा. सगळ्या वेबवर दिसल्याशिवाय जुनं खातं काढू नका. मी मधेच काढायला निघालो होतो. बायकोने माउस हातातून घेतला.

रेंज नसताना जुन्या मेल वाचायच्या असतील तर आयमॅप खात्याच्या सिंक्रोनायझेशनमध्ये मेल कॉम्प्युटरवरही ठेवायला सांगता येतं. पण त्या प्रतीला बॅकअप समजू नका. सर्व्हरवर पुसलं की तीही पुसली जाते.

बॅकअपसाठी आंब्याचा हंगाम संपला की जूनच्या आधी मी वर्षभराच्या मेल थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये (हे फक्त कॉम्प्युटरवर असतात) कॉपी करतो आणि थंडरबर्डचं प्रोफाइल, म्हणजे या मेल जिथे साठतात ते फोल्डर, बाहेरच्या डिस्कवर घेतो. डिस्क बहिणीकडे चिपळूणला ठेवणार होतो, पण 2021 च्या जुलैचा पूर आठवला. आता ती पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर आहे.