बॅटरीवरच्या सर्किटला एलडीओ निवडताना काय बघायचं

लिथियम सेलवर ३.३ व्होल्टचं सर्किट चालवायचंय आणि हाताशी एएमएस१११७ हा एलडीओ (लो ड्रॉपआउट रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज खाली आणून आउटपुट स्थिर ठेवणारी चिप) पडलाय म्हणून तोच लावणार असाल तर जरा थांबा. त्याला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे जवळपास ४.४, आणि सेल फुल चार्ज असला तरी देतो ४.२. म्हणजे रेग्युलेशन पहिल्यापासूनच नाही, बॅटरी उतरेल तसं आउटपुटपण खाली. वर तो स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, १००० एमएएचचा सेल आठेक दिवसांत रिकामा, तुमचा कंट्रोलर झोपलेला असला तरी.

त्यामुळे डेटाशीट उघडली की "मॅक्स करंट" नंतर बघा, आधी ड्रॉपआउट (इनपुट आउटपुटपेक्षा किमान किती जास्त लागतं) आणि क्वाएसेंट करंट (चिप स्वतः खाते तो) शोधा. ड्रॉपआउट किती करंटला दिलाय हे वाचल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. एमसीपी१७०० चं उदाहरण घ्या, २५० मिलिअँपला साधारण १७८ मिलिव्होल्ट, म्हणजे आतला मॉस्फेट (करंट सोडणारा ट्रान्झिस्टर) पूर्ण ऑन झाला की ०.७ ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो, मग ५० मिलिअँपला फक्त ३५-३६ मिलिव्होल्ट पडतात आणि सेल ३.३५ ला येईपर्यंत आउटपुट टिकतं. क्वाएसेंट १.६ मायक्रोअँप, विसरूनच जा. सेन्सर नोडला मस्त. वायफाय मॉड्यूलला मात्र हा पुरत नाही, ट्रान्समिटच्या झटक्याला मान टाकतो, तिथे ६०० मिलिअँपचा एपी२११२ वगैरे घ्या, तो ५५ मायक्रोअँप खातो पण चालतंय.

आता कॅपॅसिटर, लोक इथेच जास्त फसतात. जुन्या पद्धतीच्या एलडीओला आउटपुट कॅपॅसिटरचा थोडा ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) लागतो, तिथे नुसता सिरॅमिक लावला की आउटपुट ऑसिलेट होऊ शकतं, मल्टिमीटर ३.३ दाखवतो आणि एडीसीचं (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाचं) रीडिंग उगाच नाचत राहतं, ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय कळतच नाही. नवीन सीमॉसवाले बहुतेक १ मायक्रोफॅरड सिरॅमिकवर चालतात पण डेटाशीटमध्ये तसं लिहिलंय ना ते बघा. आणि सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची कपॅसिटी घटते, छोट्या साइजमध्ये तर बरीच, म्हणून एक्स७आर किंवा एक्स५आर प्रकारचा सिरॅमिक घ्या, व्होल्टेज रेटिंग ऐसपैस ठेवा, वाय५व्ही नकोच. कॅपॅसिटर पिनला चिकटून.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे, व्होल्टेजचा फरक गुणिले करंट. यूएसबीच्या ५ व्होल्टवरून २०० मिलिअँप घेतले तर ०.३४ वॅट, एवढ्याशा एसओटी-२३ पॅकेजमध्ये बोट ठेववणार नाही इतकं तापतं, उष्णता पसरायला बोर्डावर बाजूला तांबं सोडा.

पिनआउट अंदाजाने लावू नका. एएमएस१११७ चा टॅब (धातूचा रुंद पाय) ग्राउंड नसतो, आउटपुट असतो, त्याला ग्राउंड प्लेन जोडलं की थेट शॉर्ट. एनेबल पिन (चिप चालू-बंद करणारी) असेल तर हवेत सोडू नका.

शेवटी बेंच सप्लायवर खरा लोड लावून ४.२ पासून हळूहळू ३.२ पर्यंत उतरवत न्या आणि आउटपुट कुठे कोसळतं ते स्कोपवर बघा. फारच लवकर कोसळत असेल आणि बोर्डावरचे सगळे पार्ट ३ व्होल्टवर चालत असतील तर सरळ त्याच एलडीओचं ३ व्होल्टचं व्हर्जन लावा.