दिवेलागणीनंतरचे अडीच तास

पोळा झाला, गणपती उठले की मराठवाड्यातील पुष्कळ घरांत संध्याकाळचे वेळापत्रक हळूहळू विस्कटू लागते आणि त्याचा दोष आपण लेकरांच्या हट्टीपणाला देतो. वास्तविक या दिवसांत सूर्य लवकर मावळू लागलेला असतो. परभणी-लातूरकडे जुलैच्या आरंभी सूर्यास्त सात वाजून गेल्यावर होतो. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात तो सव्वासहाच्या सुमारास होतो आणि ऑक्टोबर संपताना सहाच्याही आत येतो. अंधार तासाभराहून अधिक अलीकडे सरकतो, स्वयंपाक, अभ्यास आणि झोप मात्र आपण आषाढातल्याच घड्याळावर चालवत राहतो. माझ्या घरी सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी एका रात्री पावणेनऊला मुलगा हातातला घास तसाच धरून ताटावर झोपला, आणि सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘दिवा लागून अडीच तास झाले, लेकराने किती वाट पाहावी?’ तेव्हापासून आमच्या घरची संध्याकाळ घड्याळाला न बांधता दिवेलागणीला बांधली आहे. दिवा लागल्यापासून तासाभरात जेवण आणि अडीच तासांत झोप, हा त्यातला मुख्य नियम. बाकी सगळे त्याच्या सोयीने बसवावे.

या नियमाची तयारी दुपारीच करावी लागते. शाळेतून आलेल्या लेकरांना पाचच्या आत काहीतरी पोटभरीचे द्यावे, कारण सहाला दिलेला खाऊ रात्रीचे जेवण मारतो. या दिवसांत भुईमुगाच्या ओल्या शेंगा घरात येतात. त्या मीठ घालून उकडल्या की मोठी लेकरे आवडीने खातात. चार वर्षांच्या आतील लेकराला मात्र अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्याच्यासाठी भाजलेल्या दाण्याचे कूट गुळात मळून मऊ लाडू करावा. बालाघाटच्या डोंगराकडील सीताफळे याच सुमारास बाजारात येऊ लागतात. सीताफळ देताना बिया आपण काढून नुसता गर वाटीत द्यावा आणि बिया लगेच कचऱ्यात टाकाव्यात, कारण त्या फुटून त्यांची भुकटी डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते.

खाऊनंतर दिवा लागेपर्यंतचा तास लेकरांनी बाहेर, उजेडात घालवावा, कारण पुढची सगळी शांतता या तासावर अवलंबून असते. न दमलेले लेकरू अंथरुणावर दमते आणि आपल्यालाही दमवते. परतीच्या पावसाचे ढग मात्र याच वेळी दाटून येतात, आणि हा पाऊस विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की, पाऊस सुरू झालेला नसला तरी, लेकरांना झाडाखालून आणि गच्चीवरून घरात घ्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा सोडू नये.

डासांविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण याबाबतीत आमची चूक झाली होती. अंधार पडल्यावर आम्ही दारे लावत होतो आणि डास पळवणारी वडी लावत होतो; तरीही मुलीला डेंग्यू झाला आणि ते आठ दिवस मी विसरू शकत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधीच्या काही तासांत तर अधिकच, म्हणजे नेमका लेकरांच्या खेळण्याच्या वेळेत. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार खेळायला जातानाच घालावी, घरी आल्यावर नव्हे. दुसरे म्हणजे पाणी. आपल्याकडे अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे साठवण करू नका असे इथे कोणी कोणाला सांगू शकत नाही. साठवावे, पण ड्रमवर घट्ट विणीचे कापड बांधावे आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून ड्रम, रांजण, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या हे सर्व रिकामे करून आतून घासून कोरडे करावे. घासणे महत्त्वाचे, कारण या डासाची अंडी पाण्याच्या पातळीजवळ भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम मोडू नये. आमच्याकडे हे काम नळाला पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी होते आणि मुलगी नारळाच्या शेंडीने खालची बाजू घासते.

दिवा लागण्यापूर्वी हातपाय धुणे किंवा कोमट पाण्याने अंघोळ उरकावी. ऑक्टोबरच्या उन्हाने दिवसभर घाम येतो आणि रात्री हवा थंडावते, म्हणून उशिरा डोक्यावरून पाणी घेऊ नये. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून शुभंकरोती म्हणावी आणि लगोलग परवचा घ्यावा. सहा वर्षांच्या लेकराला दोन ते पाचचे पाढे पुष्कळ झाले. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आजी-आजोबांना येत असेल तर त्यांनी म्हणावी आणि लेकरांनी ऐकावी. जेवणाआधीचा हा पाव तास मी अभ्यासाचा मानते आणि लेखी गृहपाठही याच वेळी, पुरेशा उजेडात, संपवून घेते. जेवणानंतर पाटी-वही काढू नये. झोप आलेल्या लेकराकडून अक्षर गिरवून घेण्यात दोघांचाही तोटा आहे. नवरात्रात घट बसला की त्यातील धान्याला पाणी शिंपडण्याचे काम लेकरांना द्यावे. रोज किती बोटे अंकुर वाढला हे मोजण्यात त्यांचे मन रमते. नंदादीप तेवढा त्यांच्या हाताला न येईल असा आणि पडद्यांपासून दूर ठेवावा.

जेवण साधे असावे आणि ते दिवेलागणीआधी निम्मे तयार असावे. नवे मूग नुकतेच घरात आलेले असतात. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि वर तूप, किंवा वरणात कुस्करलेली ज्वारीची गरम भाकरी एवढ्यावर लहान लेकरे तृप्त होतात. भाकरी थापताना पिठात उकळते पाणी घातले, म्हणजे उकळी घेऊन पीठ मळले, की ती उशिरापर्यंत मऊ राहते. येसराची, म्हणजे भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेल्या पिठाची, आमटी मोठ्यांसाठी असेल तर तिखट घालण्याआधी लेकरांची वाटी बाजूला काढावी, वेगळा स्वयंपाक करू नये. ट्यूबलाइटभोवती पाखरे जमत असतील तर ओसरीवरचा दिवा चालू ठेवून जेवणघरात मंद दिवा लावावा, म्हणजे बरीच पाखरे बाहेरच्या उजेडाकडे वळतात. मोबाइल ताटाजवळ नसावा, मोठ्यांचाही नसावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील बालकांना मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या बालकांना दिवसभरात एका तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. तो तास द्यायचाच असेल तर दुपारी द्यावा, कारण रात्री पडदा बंद करताना होणारे रडणे सगळी संध्याकाळ घालवते.

जेवणानंतर पाऊण तास लेकरांचा स्वतःचा असावा. या वेळेत वीज गेली तर ती आयती संधी समजावी. हाताशी ठेवलेल्या बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बोटांचा ससा, हरीण करून दाखवता येते. मेणबत्ती मात्र अंथरुणाजवळ नको. याच वेळी दप्तर भरून, गणवेश काढून दाराशी ठेवावा. शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे सांगितले आहे, त्यामुळे लेकरू साडेआठच्या सुमारास झोपून साडेसहाला उठले तरी दहा तासांची झोप होते. तीन-चार वर्षांच्या लेकराला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास लागतात. दुपारी ते चारनंतर झोपू लागले की रात्रीचा नियम मोडलाच समजावा.

झोपवताना एकच गोष्ट सांगावी, तीही शक्यतो आजीच्या तोंडून, आणि रोज तीच मागितली तर तीच सांगावी. अंथरूण जमिनीवर घालू नये. सोयाबीनची काढणी सुरू झाली की शेताजवळच्या वस्त्यांत साप घरापर्यंत येतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. बाज किंवा पलंग वापरावा, मच्छरदाणीच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचाव्यात आणि अंथरुणात घेण्यापूर्वी उशी-चादर झटकून पाहावी. चावा झाल्याची शंका जरी आली तरी 108 वर फोन करून लेकराला हालचाल न करू देता सरळ रुग्णालयात न्यावे.

मग दिवा मालवावा. मुलगा बहुतेक वेळा ‘अजून एक गोष्ट’ असे म्हणतो. सासूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘उद्या, राजा’ म्हणतात आणि मी मच्छरदाणीचा पायाकडचा कोपरा पुन्हा एकदा तपासते, कारण तो नेहमी तिथूनच पाय बाहेर काढतो.