खाऱ्या वाऱ्यात पाटी लावताना: स्टँडऑफची तयारी

स्टँडऑफ म्हणजे पाटी भिंतीपासून थोडी पुढे धरणारी धातूची नळी आणि तिच्यावर आट्यांनी बसणारी टोपी. ते विकत घेण्याआधी ड्रिल घेऊन भिंतीपाशी जा. पाटीखाली झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडून भुकटी बघा. राखाडी येतेय तोवर गिलावा, तांबडी आली की जांभा चिरा. तिथे बिटवर खूण करा, म्हणजे गिलाव्याची जाडी कळेल. बाहेरच्या बाजूला ती बहुधा १५ ते २० मिमी निघते. राखाडीच येत राहिली तर बिट सांध्यात शिरलंय, जागा दोन-तीन इंच सरकवा. बिट एकदम आत गेलं तर चिऱ्यात पोकळी आहे. तिथे रावळप्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकायचं प्लॅस्टिकचं बूच) धरत नाही, जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात भरल्यावर कडक होणारा गोंद) लागतो. चिऱ्यात ड्रिलचा हॅमर बंदच ठेवा. ठोक्यांनी भोकाच्या कडा ढासळतात, ८ चं भोक १० चं होतं आणि प्लग स्क्रूबरोबर नुसता फिरत राहतो.

मग धातू. ‘एसएस (स्टेनलेस स्टील) आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. किनाऱ्यालगत ३१६ ग्रेडच घ्या. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. ३०४ वर चहा सांडल्यासारखे डाग उमटतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर माल बहुधा हलका, हे खरं. पण नाही चिकटला म्हणून ३१६ ठरत नाही, कारण ३०४ लाही तो सहसा चिकटत नाही. तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्या. नेहमीचा घोळ पाकिटातल्या स्क्रूंचा असतो: नळी ३१६ ची आणि सोबत झिंक चढवलेला लोखंडी स्क्रू. त्याचा तांबडा ओघळ पांढऱ्या भिंतीवर उतरतो आणि बोल स्टँडऑफला लागतो. स्क्रू वेगळे, ३१६ चेच घ्या. आणखी एक, पडवीत छपराखाली लावलेली पाटी उघड्यावरच्या पाटीपेक्षा लवकर डागाळते. तिच्यावरचं मीठ पावसाने धुतलं जात नाही ना!

माप ठरवताना वजनापेक्षा वाऱ्याचा हिशेब करा. २ फूट बाय दीड फुटाची ६ मिमी अ‍ॅक्रिलिकची पाटी जेमतेम २ किलो भरते, तेवढीच काच सव्वाचार. पण ताशी १२० किमीचा वारा चौरस मीटरला साधारण ६८ किलोचा दाब देतो, म्हणजे एवढ्याशा पाटीवर १९ किलो, आणि तो मागून शिरला की तिला भिंतीपासून ओढतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलेल्या रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. एवढ्या पाटीला १९ मिमी व्यासाचे, २५ मिमी लांबीचे चार स्टँडऑफ पुरतात. लांबी ३ फुटांपुढे गेली की सहा. एक जादा घ्या, टोप्या हरवतातच. १२ मिमीची फट ठेवलीत तर मागे शेवाळ धरतं. २५ मध्ये हवा खेळते, फडकं जातं. स्क्रू ६ मिमी जाडीचा, ७५ मिमी लांबीचा: ५ नळीच्या बुडात, २० गिलाव्यात, ५० चिऱ्यात. तो नळीच्या बुडातून जातो का हे दुकानातच घालून बघा, स्वस्त मालात बऱ्याचदा जात नाही.

पाटीची भोकं बनवणाऱ्याकडूनच पाडून घ्या, टोपीच्या आट्यांपेक्षा २ मिमी मोठी. अ‍ॅक्रिलिक उन्हात वाढतं, मीटरभर पाटी ३० अंशांच्या फरकाने २ मिमी; भोक घट्ट असेल तर चीर तिथूनच सुटते. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला भोकं टफन करण्याआधीच पाडावी लागतात, नंतर बिट लावलं की चुरा. अ‍ॅक्रिलिक पुसायला थिनर किंवा स्पिरिट नको, आट्यांना थ्रेडलॉकरही (आट्या जाम करणारा द्रव) नको. दोन्हींनी भोकाभोवती बारीक तडे जातात.

लावण्याचा दिवस कोरडा निवडा, दिवाळीनंतरचा सर्वांत बरा. पाटीवरून कागदाचा साचा कापा, लेव्हल बघून चिकटवा आणि आधी वरचं एकच भोक पाडा: ८ मिमी व्यास, नळीच्या बुडाचे ५ मिमी सोडून ८० खोल. भुकटी ब्रश आणि हातपंपाने काढा. तोंडाने फुंकलीत तर डोळ्यांत जाते. प्लग बसवण्याआधी भोकाच्या तोंडाशी न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू खातं, ते घेऊ नका. पहिली नळी बसली की लेव्हल पुन्हा लावून दुसरं भोक, मग खालची दोन.

गिलावा नसलेल्या चिऱ्यावर चारही नळ्या एका पातळीत येत नाहीत. सुतळी ताणून बघा. मागे राहिलेल्या नळीखाली नायलॉनचे वॉशर घाला, टोपी पिळून पाटी भिंतीकडे ओढू नका. अ‍ॅक्रिलिक वाकून राहतं आणि पहिल्या कडक उन्हात भोकापाशी फुटतं. पाटीच्या दोन्ही बाजूंना, टोपीकडे आणि नळीकडे, नायलॉन वॉशर, आवळणं फक्त बोटांनी, पकड नको. रस्त्यालगतच्या पाटीला बाजूने अ‍ॅलन कीचा बारीक स्क्रू असलेल्या टोप्या घ्या, म्हणजे येता-जाता कोणी फिरवून नेणार नाही. पाटीवरची संरक्षक फिल्म त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली की ती चिकटून बसते. पुढे पावसाळा सोडून महिन्यातून एकदा टोप्या आणि मागची बाजू गोड्या पाण्याने धुवा. विहीर मचूळ असेल तर नळाचं पाणी वापरा.